डावी बाजू आमच्या खोलीत

तन्वी आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर तन्वीने सांगितलं की तिने रेकॉर्ड प्लेअर घेतला आहे आणि आता तिच्या मित्रमैत्रिणींमध्ये जुन्या रेकॉर्ड जमवायचं वेड पसरलं आहे. मग तिने विचारलं, "आजी, तुझ्याकडे कपाटभर आहेत ना त्या? कोणाची गाणी आहेत?" मी सांगितलं की त्यांत एकही गाणं नाही, आणि त्या माझ्या नाहीत, कुंदामावशीच्या आहेत. त्यावर मागून नील म्हणाला, "म्हणजे गॅलरीत स्टुलावर बसायची ती?"

हो, तीच. पण तुमच्यापर्यंत तिचं नुसतं स्टूल पोचलं आहे याचं मला वाईट वाटलं. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा लहान होतात, तुमचा दोष नाही. मलाही आता काही नावं पटकन आठवत नाहीत, म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. फोनवर सांगण्यासारखं हे नाही. मला क्रमाने सांगायची सवय आहे आणि फोनवर कोणी मला क्रमाने बोलू देत नाही. मराठी वाचताना कुठे अडलात तर आईला विचारा. या हकिगतीत तिचंही थोडं काम आहे.

कुंदा नेरूरकर ही आमची शेजारीण. परळच्या आपल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या खोलीला लागून तिची खोली. गॅलरीत कठड्याकडे पाठ आणि दारांकडे तोंड करून उभं राहिलं तर डावीकडे आम्ही आणि उजवीकडे ती. हे डावं-उजवं जरा लक्षात ठेवा. कुंदा गिरगावातल्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवायची. मी दादरला कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून ती मला 'प्रोफेसर' म्हणायची, आणि माझं काही चुकलं की 'प्रोफेसरीणबाई'. लग्न तिने केलं नाही. वडील गिरणीत होते, आई लवकर गेली, पाठचे भाऊ हिनेच मोठे केले. ते आपापल्या घरी गेल्यावर खोलीत ती एकटी राहिली, आणि मला तरी ती कधी एकटी वाटली नाही.

ठेंगणी, काटक, ताठ. निवृत्त झाल्यावर शाळेची पांढरी साडी सुटली, पण पांढरे कॅनव्हासचे बूट सुटले नाहीत. पैठणी नेसून लग्नाला निघाली तरी खाली तेच. ती कशालाही टेकायची नाही. संध्याकाळी आम्ही सगळ्या कठड्याला रेलून बोलत असायचो आणि ही मध्ये खांबासारखी उभी. तिचं प्रत्येक काम तालात चालायचं. नारळ खवतानासुद्धा तिच्या खोलीतून एकसारखा आवाज यायचा, आणि तो थांबला की समजायचं, नारळ संपला.

"आधी ताल, मग तक्रार," हे तिचं वाक्य. शाळेत ते मुलींसाठी होतं, चाळीत ते सगळ्यांसाठी झालं. तुमच्या आजोबांनी गुडघे दुखतात म्हणून सकाळचं फिरणं सोडलं, तेव्हा तिने त्यांना खाली चौकात नेलं, शेजारी उभी राहून पावलं मोजत चार फेऱ्या मारायला लावल्या आणि मग म्हणाली, "हां, आता सांगा काय दुखतं ते." आजोबांनी पाचवी फेरी स्वतःहून मारली. ते पुन्हा फिरायला लागले. बँकेत इतकी वर्षं साहेब असलेल्या माणसाने दुसऱ्या कोणाचं असं ऐकलेलं मला आठवत नाही.

आता रेकॉर्डचं. त्या शौकासाठी आल्या नव्हत्या, कामासाठी आल्या होत्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींची कवायत असायची आणि तिला साथ पेटीमास्तरांची. मास्तर गुणी होते, पण सुरात रंगले की त्यांचा ताल खाली बसायचा, आणि मैदानभर मुलींचे हात वरच्या वर लटकत राहायचे. कुंदाला असा वाजवणारा हवा होता जो कधी रंगणार नाही. शोधत शोधत ती माहीमच्या बाजारात कासमभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात पोचली. सगळं गिऱ्हाईक सिनेमाच्या रेकॉर्ड मागायचं. कोपऱ्यात एक ढीग कोणी हात न लावलेला पडून होता. कासमभाई म्हणाले, "मॅडम, इसमें कोई गाता नहीं. सिर्फ ठोकता है."

"मग बरोबर," कुंदा म्हणाली. "मला ठोकणाराच हवाय."

त्या रेकॉर्ड काय होत्या ते सांगते. परदेशात स्टिरिओ नवा निघाला तेव्हा लोकांना पटवायचं होतं की दोन स्पीकर घ्या, एकात पुरं होत नाही. म्हणून कंपन्यांनी ढोल, बाँगो, झायलोफोन, झांजा, घंटा असं सगळं घेऊन रेकॉर्ड काढल्या. एक वाद्य या कानात, दुसरं त्या कानात, एखादं इकडून तिकडे पळणारं. मोठ्या कंपन्यांच्या चांगल्या होत्या. त्यांचं बघून लहान कंपन्यांनी स्वस्तातल्या काढल्या, आणि कुंदाचा जीव जडला तो या स्वस्तातल्यांवर. कव्हरवर लाल-पिवळी वर्तुळं नाहीतर ठिपके. वाद्यवृंदाचं नाव भारदस्त, पण तो वृंद जगात कुठे असेल असं वाटायचं नाही. बोटीवरून, परदेशी साहेबांच्या मोडलेल्या घरांतून, बंद पडलेल्या क्लबांतून त्या इथल्या बाजारात यायच्या आणि पडून राहायच्या. कासमभाई तिच्यासाठी बाजूला ठेवायला लागले. फोन करायचे, "मॅडम, आपकी ठोकाठोकी आयी है." कुंदा बूट चढवून परळहून माहीमला चालत जायची, आणि चालतच यायची.

कव्हरच्या मागे इंग्रजीत बढाई छापलेली असायची. कुंदाला इंग्रजी येत होतं, पण ते वाचून दाखवायचं काम माझं; म्हणायची, "तू वाचलंस की ते खरं वाटतं." एका कव्हरवर लिहिलं होतं की ऐकणाऱ्याला करताळ थेट आपल्या मांडीवर वाजतायत असा भास होईल. मी वाचून संपवलं तेव्हा कुंदा आपल्या मांडीकडे बघत होती. मग तिने पदराने मांडी झटकली आणि म्हणाली, "नाही गो. पुढची लाव." व्याकरणाच्या चुका मी पेन्सिलीने खुणा करून दाखवायची. त्या खुणा तुम्हाला अजून दिसतील.

या स्वस्त कंपन्यांची एक लबाडी होती. एकच वादन तीन नावांनी तीन कव्हरांत घालून विकायचे. कुंदाने ती स्वतः पकडली. एका रेकॉर्डमध्ये ऐन भरात कोणाच्या तरी हातातून काठी निसटते. जमिनीवर पडून टणटण उडाल्याचा आवाज येतो आणि वाजवणारे तसेच पुढे जातात. वर्षभराने दुसऱ्या नावाची, दुसऱ्या कव्हरची रेकॉर्ड आणली, आणि त्याच जागी काठी पडली. मग तिसरी सापडली. मला वाटलं, फसवणूक झाली म्हणून ती चिडेल. ती खूश. "बिचाऱ्याची काठी तीनदा पडली," म्हणाली, "आणि तीनदाही तो थांबला नाही." तिन्ही तिने ठेवल्या.

कपाटातला तिचा क्रमही निराळा. मी असते तर कंपनीप्रमाणे किंवा अकारविल्हे लावल्या असत्या. तिने शरीराप्रमाणे लावल्या होत्या. वरच्या फळीवर हातांच्या, मधल्या फळीवर कमरेच्या, खाली पायांच्या. आणि एका कप्प्यात "नुसत्या बसून ऐकायच्या". तो कप्पा वर्षांगणिक मोठा होत गेला, तेव्हा मला कळलं की तिचं काम संपून शौक सुरू झाला आहे.

आता तुमच्या आईचं काम. कुंदाने घरी प्लेअर घेतला, सुताराकडून स्पीकरसाठी दोन खोकी करून घेतली. प्रत्येक कव्हरवर बजावलेलं असायचं की स्पीकर एकमेकांपासून चांगले लांब ठेवा. चाळीतल्या खोलीत लांब म्हणजे कुठे? एका भिंतीला खाट, दुसऱ्या भिंतीला कपाट, कोपऱ्यात देव आणि मोरी. दोन्ही खोकी एकमेकांना चिकटून बसली आणि सगळा आवाज एका गोळ्यात यायला लागला. आठवडाभर तिने तसंच ऐकलं. मग एका सकाळी डावं खोकं उचलून आमच्या दारात उभी राहिली. "प्रोफेसर, याला तुझ्याकडे ठेव. खायला-प्यायला लागत नाही." वायर दारावरच्या झडपेतून गॅलरीत, भिंतीच्या कडेने, आमच्या झडपेतून आत. आजोबांची एकच अट होती, बातम्यांच्या वेळी नको.

तेव्हापासून आम्ही डाव्या बाजूसोबत राहिलो. फक्त डाव्या. ती काय ऐकते आहे याचा आम्हाला अर्धाच पत्ता असायचा. बराच वेळ काही नाही, मग अचानक टिक. पुन्हा शांतता. मग चार बाँगो घाईघाईने काहीतरी बोलून गप्प. घरात पाहुणे असले की दचकायचे. तुमच्या आईचं ठरत होतं तेव्हा तुमचे बाबांकडचे आजी-आजोबा आमच्याकडे पहिल्यांदा आले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि तुमचे ते आजोबा घसा साफ करून म्हणाले, "मग आमच्याकडून होकार समजा." त्याच क्षणी टेबलाखालच्या खोक्यातून एक भलीमोठी घंटा घुमली. तुमच्या त्या आजीने डोळे मिटून हात जोडले. वायर कुठे जाते हे सांगण्याचं धैर्य तुमच्या इकडच्या आजोबांना लग्न होईपर्यंत झालं नाही. कुंदा मात्र आईला कायम ऐकवायची, "तुझं लग्न माझ्या डाव्या बाजूने जमवलंय, विसरू नको."

पूर्ण संगीत ऐकायची जागा एकच: गॅलरीत, दोन्ही दारांच्या मधोमध. तिथे ते स्टूल. कठड्याकडे पाठ, दारांकडे तोंड, बसणं ताठ. येणारा-जाणारा तिला वळसा घालून जायचा. पलीकडच्या कांबळे वहिनी बँकेतून आल्या की पर्स खांद्यावर ठेवूनच तिच्या मागे मिनिटभर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "कुंदाताई, आज इकडून तिकडे काय पळतंय?"

आता खरी गोष्ट. या सगळ्या संग्रहात तिला एक रेकॉर्ड हवी होती आणि ती मिळत नव्हती. म्हणजे मिळाली होती, पण अर्धी. त्या काळी एकच रेकॉर्ड दोन प्रकारे निघायची. ज्यांच्याकडे एक स्पीकर त्यांच्यासाठी मोनो, दोनवाल्यांसाठी स्टिरिओ. कंपनी कंजूस, त्यामुळे कव्हरचा मजकूर दोन्हींना एकच. कुंदाला मोनो सापडली होती. मागे लिहिलं होतं की दुसऱ्या बाजूच्या शेवटी एक ड्रमवाला वाजवत वाजवत तुमच्या खोलीतून चालत जाईल, डावीकडून निघेल आणि उजवीकडे पोचेल. मी वाचून दाखवलं. तिने लावली. ड्रम मस्त वाजला, पण जागच्या जागी. मोनोत तो कुठे जाणार? तिने पुन्हा लावली. पुन्हा जागच्या जागी.

"हा उभाच आहे गो," ती म्हणाली. "कदमताल करतोय."

तेव्हापासून ती त्याच्या मागे लागली. आयुष्यभर मुलींना चालायला शिकवलेली बाई ती. एक माणूस चालतो असं छापलंय आणि तो चालत नाही, हे तिला सहन होईना. कासमभाईंना सांगून ठेवलं. बाकीच्या दुकानांत स्वतः जाऊन पाहायची. तुमच्या बाबांनी एकदा विचारलं की तिकडे संगणकावर शोधून मागवू का, दोन दिवसांत मिळेल. तिने नाही म्हटलं. तिचा नियम होता, पायांनी सापडलेली रेकॉर्डच आपली. मी म्हटलं, हा हट्ट आहे. ती म्हणाली, "तो चालत येणार आणि मी बसल्या जागी मागवू?" अशी वर्षं गेली. कासमभाई थकले, त्यांचा मुलगा दुकानात बसायला लागला, आणि तिचा प्रश्न तोच राहिला.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळीला रंग काढला होता. कुंदाला तेव्हा ताप येऊन गेला होता. बरी झाल्यावर ती स्टुलावर येऊन बसली, रेकॉर्ड लावली आणि लगेच उठली. रंगाऱ्याला हाक मारली. तिची वायर त्याने तोडली असा तिचा आरोप. तो शिडीवरून म्हणाला, "बाई, आईशप्पथ, वायरला ब्रशपण नाही लागला." ती ऐकेना. उजवं खोकं मेलंय, सगळा आवाज डावीकडे, तुमच्याकडे गोळा झालाय, म्हणाली. रंगारी बिचारा उतरला, त्याने वायर टोकापासून टोकापर्यंत चाचपून दाखवली. अखंड होती. मग कुंदाने आमच्याकडचं खोकं तिच्याकडे नेलं, तिचं आमच्याकडे ठेवलं. पुन्हा बसली. आवाज डावीकडेच.

मी दारात उभी होते. मी सहज म्हटलं, "अगं, मला तर दोन्हीकडून नीट येतंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात उचलून डाव्या कानात बोट घातलं आणि तशीच बसून राहिली. रेकॉर्ड चालूच होती. रंगारी म्हणाला, "बघा, वाजतंय ना?" रेकॉर्ड संपली तेव्हा तिने बोट काढलं आणि त्याला म्हणाली, "तुझी चूक नाही रे बाबा. जा, काम कर."

डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. उजवा कान त्या तापात गेला होता आणि परत येण्यासारखा नव्हता. डावा चांगला होता. बोलणं ऐकू येईल, फोन ऐकू येईल, रोजच्या व्यवहारात अडणार नाही, असं त्यांनी समजावलं. कुंदाने एकच विचारलं, "आवाज कुठून कुठे गेला, ते कळेल?" डॉक्टर म्हणाले, त्याला दोन कान लागतात.

घरी येताना ती नेहमीसारखी ताठ चालली. जिन्यात थांबून म्हणाली, "प्रोफेसर, आता तो सापडला तरी माझ्यासाठी उभाच राहणार."

त्यानंतर प्लेअर बंद. टेबलाखालचं खोकं गप्प झालं. आधी आम्हाला शांततेची सवय नव्हती, मग ती नकोशी वाटायला लागली. स्टूल तिने आत घेतलं. बोलताना ती आता माझ्या उजवीकडे येऊन चालायची, म्हणजे तिचा डावा कान माझ्याकडे राहील. बाकी कोणाला तिने काही सांगितलं नाही. कांबळे वहिनींनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "सुई मोडलीय."

आणि मग कासमभाईंच्या मुलाचा फोन आला. जुन्या रेकॉर्डची एक पेटी आली होती, तिच्यात ते कव्हर होतं आणि कोपऱ्यात स्टिरिओ छापलं होतं. कुंदाने ऐकून फोन ठेवला. जायचं नाव नाही. मुलाने पुन्हा फोन केला, की अब्बा घरून विचारतायत, मॅडम आल्या का. तेव्हा तिने बूट घातले आणि माझ्या दारात येऊन म्हणाली, "चल. तो म्हातारा वाट बघतोय." माहीमपर्यंत आम्ही चालत गेलो. माझे पाय दुखले, पण तिला तक्रार सांगायची सोय नव्हती. तिने रेकॉर्ड कव्हरातून काढली, उजेडात तिरपी धरली, फुंकर मारली, घेतली. घरी येऊन कपाटावर उभी करून ठेवली.

तशीच ती राहिली, दोन-तीन महिने. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "लावली की संपलं. न लावता निदान तो चालतोय असं समजता येतं."

मग एका रविवारी सकाळी, चहाच्या वेळेला, गॅलरीत तिचा आवाज ऐकू आला. मैदानावरचा आवाज, जो निवृत्तीनंतर आम्ही ऐकला नव्हता. "सगळ्या बाहेर या बघू. हातातलं ठेवा." कांबळे वहिनी आल्या, सावंतांची सून आली, वरच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी काय झालं म्हणून खाली आल्या. कुंदाने पहिल्यांदाच सगळ्यांना कानाचं सांगितलं, एका वाक्यात, जणू बुटाची नाडी तुटल्याचं सांगत असावी. आणि मग आम्हाला रांगेत उभं केलं. आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत, पाठ कठड्याकडे, तोंड दारांकडे. सूचना अशी: ड्रम जिच्यासमोर आला असं वाटेल तिने हात वर करायचा, पुढे गेला की खाली घ्यायचा. शेजारणीचं बघून करायचं नाही.

"कुंदाताई, आणि तुम्ही?" कांबळे वहिनींनी विचारलं.

"मी खाली चौकात. एका कानाने ताल ऐकेन, आणि तो कुठे आहे ते तुम्ही दाखवा."

आजोबांना सुईपाशी बसवलं होतं. माझी जागा आमच्या दारासमोर, रांगेत पहिली. पहिला प्रयत्न वाया गेला. तिघींचे हात एकदम वर. सावंतांची सून म्हणाली, "माझ्यापुढनं तर कधीच गेला." कांबळे वहिनी म्हणाल्या, "छे, अजून माझ्यापर्यंत आलाच नाही, तुझ्याकडे कुठून गेला?" यावर बरीच चर्चा झाली. खालून आवाज आला, "आधी ताल, मग तक्रार. डोळे मिटा. पुन्हा." दुसऱ्या वेळी जरा बरं झालं. पण कांबळे वहिनींचा हात वरच राहिला, त्यांच्या मते तो त्यांच्यासमोर थांबला होता. तिसऱ्या वेळी कोणी बोललं नाही.

आमच्या खोलीतून ड्रम सुरू झाला. मी हात वर केला. तो निघाला तसा खाली घेतला. माझं काम संपलं होतं, म्हणून मी डोळे उघडून मान मागे वळवली. बाकीच्या सगळ्या दारांकडे तोंड करून, डोळे मिटून उभ्या होत्या, त्यामुळे हे मी एकटीनेच पाहिलं. रांगेतला एक हात वर जात होता, खाली येत होता, मग पुढचा. आणि खाली चौकात कुंदा मान वर करून, त्या हातांकडे बघत, त्यांच्या बरोबरीने चालत होती. आमच्या दाराखालून निघालेली, पांढऱ्या बुटांत, हात सरळ, पाऊल ड्रमवर. कोणाच्या सायकलीला वळसा घालताना तिने पाऊल बदललं आणि ताल धरला. शेवटचा हात तिच्या दारासमोर वर गेला तेव्हा तीही बरोबर त्याच्या खाली पोचली होती. ड्रम थांबला. ती थांबली, सावधान.

मग वर आली. आम्ही सगळ्या काहीतरी ऐकायला थांबलो होतो. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "बरा चालतो. पण डावा पाय जड टाकतो गो."

पुढचे काही महिने दर रविवारी हा कार्यक्रम झाला, वेगवेगळ्या रेकॉर्डवर. झायलोफोन कठीण जायचा. वर्षभराने कुंदा गेली, झोपेतच, कोणाला त्रास न देता. तुमच्या डोळ्यांसमोर स्टूल आहे, माझ्या डोळ्यांसमोर तो चौक आहे. म्हणून हे लिहिलं.

तिच्या खोलीत आता तिचा पुतण्या राहतो. त्याने उजवं खोकं काढलेलं नाही आणि वायरही तशीच आहे. सगळ्या रेकॉर्ड माझ्याकडे आहेत, उभ्या, तिने लावलेल्या क्रमाने. चालणाऱ्याच्या रेकॉर्डवर शेवटाकडे एक बारीक ओरखडा आहे, पण सुई अडकत नाही. ती वाजते.

तुमची आजी